मोखाड्याचे पाणी आणि कोळशाची वडी

या वर्षी होळीनंतर आम्ही जव्हार-मोखाड्याकडे जायला निघालो, तेव्हा सामानावरून घरात नेहमीप्रमाणे दोन पक्ष पडले. सौभाग्यवतींचा पक्ष चिवडा, बेसनाचे लाडू आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या बाजूचा. माझा पक्ष एका लहानशा पत्र्याच्या डब्याच्या बाजूचा. त्या डब्यात सुताराकडच्या काचकागदाचे चार तुकडे, बारीक कानस, मांजरपाटाचा धुतलेला फडका, ओढून वजन करायचा लहान काटा आणि मिक्सर-ड्रिलचे पाच-सहा कार्बन होते. "सहलीला निघालात की ड्यूटीला?" असा प्रश्न आला. मी डबा पिशवीत खालच्या बाजूला सरकवला आणि वर लाडू ठेवले. ३४ वर्षे मुंबईच्या लोकलगाड्यांच्या मोटरींशी संसार केलेला माणूस निवृत्त झाला, तरी त्याची सवय निवृत्त होत नाही, हे आमच्या घरी आता सर्वांना ठाऊक झाले आहे.

जाण्याचे निमित्त होते माझ्या भाच्याचे. तो मोखाडा तालुक्यात, खोडाळ्याच्या बाजूला एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. "मामा, बोहाडा बघायला या. मामींनाही आणा. एकदा सोंगं नाचताना पाहिलीत की मुंबईचं नाटक विसराल," असे तो गेली तीन वर्षे कळवीत होता.

कसाऱ्यापर्यंत आम्ही लोकलने गेलो. गाडी रिकामी होत गेली तशी खिडकी मिळाली आणि शहापूर मागे पडल्यावर डोंगर जवळ येऊ लागले. कसाऱ्याला उतरून थळ घाटाकडे पाहिले की मला नेहमी भरून येते. सदतीस फुटांमागे एक फूट असा हा चढ. १९३० साली इगतपुरीपर्यंत विजेची गाडी गेली, तेव्हापासून पुढे पंचाहत्तरएक वर्षे इथली इंजिने १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर चालत. त्यांपैकी लांब नाकाच्या जुन्या इंजिनांना आमची माणसे 'खेकडा' म्हणत. या सगळ्या इंजिनांच्या पोटात ज्या मोटरी होत्या, त्यांचा सगळा कारभार अखेर बोटभर लांबीच्या कोळशाच्या वडीवर चाले. त्या वडीचे नाव ब्रश.

"ब्रश? त्याला केस कुठायत?" सौभाग्यवतींनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हा प्रश्न विचारला होता आणि त्याचे उत्तर मी अजून हप्त्याहप्त्याने देत आहे. कसाऱ्याच्या फलाटावर चहा पिताना पुढचा हप्ता दिला.

गोष्ट अशी की फिरणाऱ्या यंत्रात वीज पोहोचवायची म्हणजे चालत्या गाड्यावर बसलेल्या माणसाच्या हातात खालून पाण्याचा तांब्या देण्यासारखे आहे. तार बांधता येत नाही. बांधली तर पहिल्याच फेऱ्यात पीळ पडून तुटेल. म्हणून फिरणाऱ्या आसावर तांब्याची गुळगुळीत कडी बसवायची आणि तिच्यावर काहीतरी घासत ठेवायचे. फॅरडेने १८३१ साली तांब्याची तबकडी चुंबकाच्या पुढे फिरवून वीज काढली, तेव्हा त्यालाही तबकडीच्या कडेला धातूची पट्टी धरावी लागलीच. पुढे यंत्रे मोठी झाली आणि पट्टीऐवजी तांब्याच्या तारांची जुडी दाबून धरू लागले. ती दिसे अगदी रंगाऱ्याच्या ब्रशासारखी, म्हणून नाव पडले ब्रश. पण तांबे तांब्यावर घासले की दोन्ही झिजत, ठिणग्यांची आतषबाजी होई आणि एक माणूस सारखा जवळ बसवून ठेवावा लागे. १८८५ साली फोर्ब्ज नावाच्या गृहस्थांनी तांब्याऐवजी कोळसा वापरण्याची कल्पना नोंदवली आणि १८८८ मध्ये अमेरिकेत व्हॅन डेपोल यांनी ट्रामच्या मोटरींत कार्बनची वडी बसवून ती चालवून दाखवली. ठिणग्या थांबल्या, झीज घटली. केस गेले, नाव मात्र राहिले. त्या वडीच्या जोरावर १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावली आणि १९२५ च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदरहून कुर्ल्याला विजेची पहिली आगगाडी गेली.

"आणि आता?" सौभाग्यवतींनी विचारले. आता काय? २००७ पासून मुंबईत ज्या नव्या लोकल आल्या, त्यांच्या मोटरींना ब्रशच लागत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बरच्या मार्गावरचीही एकदिश वीज बंद झाली. मी त्याच्या दोनच वर्षे आधी निवृत्त झालो होतो. वेळेवर सुटलो असे सहकारी म्हणतात. मला तसे वाटत नाही.

कसाऱ्याहून खोडाळ्याला काळी-पिवळी जीप मिळते. किती माणसे बसली म्हणजे ती भरली असे समजायचे, हे ठरवण्याचा अधिकार फक्त ड्रायव्हरचा. विहीगाव मागे पडले. पावसाळ्यात इथल्या धबधब्याखाली मुंबईकरांची जत्रा असते; फाल्गुनात मात्र कड्यावर नुसता काळा ओघळ उरला होता. पुढे वैतरणेचे खोरे. दोन्ही अंगांना पानझडीचे रान, मध्येच पळसाची आग, आणि मोहाच्या झाडांखाली पहाटे पडलेली फुले वेचून वाळत घातलेली. त्या फुलांचा गोडसर, थोडासा आंबूस वास जीपभर येत होता.

मग वळणावरून पाणी दिसले. डोंगरांच्या मध्ये पसरलेले, निळे, गंभीर पाणी. मधल्या वैतरणेचे हे धरण मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ आहे. उंची शंभर मीटरांहून थोडी जास्त, आणि बांधून झाले २०१२ च्या सुमारास. याच नदीवर वरच्या अंगाला एक धरण आहे आणि खालच्या अंगाला मोडकसागर. हे पाणी मुंबईला जाते. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. रस्त्याच्या कडेने दोन मुली डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन चढत होत्या, त्यांच्याकडे पाहत त्यांनी पायाशी ठेवलेली आमची पाण्याची पिशवी उगीचच आत ओढून घेतली.

आश्रमशाळेत पोहोचलो तेव्हा भाच्याच्या चेहऱ्यावर पाहुणे आल्याचा आनंद होता. पण तो नीट बसत नव्हता. तीन दिवसांपूर्वी अवकाळी वादळ झाले होते, विजेचे खांब आडवे झाले होते आणि लाईन यायला अजून दोन-तीन दिवस लागतील असा निरोप होता. दिव्यावाचून चालते, पाण्यावाचून चालत नाही. वसतिगृहात दोनशेच्या वर मुले-मुली. बोअरवेलमधला पंप बंद, टाकी कोरडी. शाळेचा डिझेल जनरेटर होता. पण तो दिवाळीपासून शेडमध्ये झाकून ठेवलेला. इंजिन एका हाकेला सुरू होत होते, मात्र वीज येत नव्हती. म्हणून सकाळपासून मोठ्या मुली आणि शिक्षक मिळून खालच्या विहिरीवरून पाणी वाहत होते. विहीर अर्ध्या तासाच्या उतारावर. येताना तो उतार चढ होतो. स्वयंपाकाच्या मावशी डाळ धुतलेले पाणी फेकून न देता बादलीत साठवीत होत्या.

"परवापर्यंत नाही झालं तर मुलांना घरी पाठवावं लागेल," मुख्याध्यापक हळूच म्हणाले. "आणि एकदा घरी गेलेली पोरं वार्षिक परीक्षेला परत येतातच असं नाही, काका. मोठ्या मुली तर नाहीच."

मी पिशवीत हात घातला आणि लाडवांच्या खालचा डबा काढला. सौभाग्यवतींनी एक अक्षर काढले नाही, उलट टॉर्च धरायला त्याच आल्या.

जनरेटर साडेसात केव्हीएचा होता. इंजिन चालू केले. व्होल्टचा काटा तळाशी किंचित थरथरला आणि तिथेच बसला. हे लक्षण ओळखीचे होते. यंत्र मेलेले नव्हते, उपाशी होते. अशा जनरेटरमध्ये आतला रोटर म्हणजे फिरते विद्युतचुंबक. त्याला दोन कड्या आणि दोन कार्बन यांच्यामार्फत थोडी वीज पाजावी लागते, मग तो बाहेर भरपूर वीज देतो. सुरुवातीला लोखंडात मागे उरलेल्या किंचित चुंबकत्वावर त्याला उठून बसायचे असते. तेवढ्या अशक्त विजेच्या वाटेत जरा अडथळा आला की तो उठतच नाही.

मागचे झाकण काढले आणि अडथळा दिसला. एक नव्हे, तीन. कड्यांवर कार्बन जिथे पाच महिने टेकून बसले होते तिथे हिरवट-काळे चट्टे. शेडमध्ये भिंतीची ओल आणि पहाटेचे दव यांनी ते काम केलेले. दुसरे म्हणजे, एक कार्बन आपल्या पेटीत धुळीने घट्ट अडकलेला. तो कडीला टेकतच नव्हता. तिसरे सर्वांत वाईट. दुसऱ्या कार्बनची वेणीसारखी तांब्याची तार तुटली होती. ती तुटली की वीज वाट बदलते आणि वरच्या स्प्रिंगमधून जाते. स्प्रिंग दाबण्यासाठी असते, वीज नेण्यासाठी नाही. ती तापते, तिचे पाणी उतरते, आणि मग ती नुसती नावाची स्प्रिंग उरते. माझ्या काट्याला लावून ओढली, तर चांगल्या स्प्रिंगच्या निम्मासुद्धा जोर नव्हता. कार्बनही झिजून नखाएवढा राहिला होता. डब्यातल्या मिक्सरच्या कार्बनांपैकी एकही तिथे बसण्यासारखा नव्हता.

शाळेचे शिपाईदादा उत्साही. त्यांनी कुठूनसा एमरी कागद आणला आणि म्हणाले, "काका, कडी घासून आरशासारखी करतो." मी त्यांचा हात जवळजवळ ओढलाच. नंतर मला माझीच लाज वाटली. पण त्या हाताला माझ्या तरुणपणीचा एक हात दिसत होता.

१९८० साली मी उमेदवार म्हणून लागलो, तेव्हा एका मोटरीचा कॉम्युटेटर मला साफ करायला दिला होता. तांब्याच्या शेकडो पट्ट्यांचा तो गोल, त्यावर तपकिरी-काळपट रंग चढलेला. मला वाटले, हा मळ. मी दुपारभर एमरी मारून तो नव्या पातेल्यासारखा लखलखीत केला आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिलो. आमचे उस्ताद आले, पाहिले, आणि काही न बोलता डोक्याला हात लावून बसले. मग म्हणाले, "बेटा, तू त्याचं कातडं सोलून ठेवलंस." ती मोटर महिन्याच्या आत परत आली. पट्ट्यांवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा पडल्या होत्या आणि कार्बनची पूड झाली होती. त्या गाडीतली माणसे दोन स्टेशनांच्या मध्ये पाऊण तास उभी होती, हेही उस्तादांनी मला आठवणीने सांगितले.

त्या तपकिरी कातड्यातच सारे गुपित आहे. कार्बन तांब्यावर फिरू लागला की तांब्याचा गंज, कार्बनची बारीक पूड आणि हवेतली पाण्याची वाफ यांचा एक पापुद्रा हळूहळू तयार होतो. जाडी केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास. तो आहे तोवर कार्बन तांब्यावर नव्हे, त्या पापुद्र्यावर घसरतो. पापुद्रा नसला तर घासतो, फार जाड झाला तर वीज अडते. एमरीचे कण कडक असतात. ते तांब्यात रुतून बसतात आणि मग रोज नव्या कार्बनला करवतीसारखे कापतात. म्हणून चट्टा घालवायचा तो बारीक काचकागदाने, अगदी हलक्या हाताने. शेवटचा हात मांजरपाटाच्या कोरड्या फडक्याचा, आणि तेलाचा थेंब जवळपास नको. शिपाईदादांनी ते माझ्यापेक्षा हळुवार केले. माझी माफी मागायची राहून गेली होती, ती मी त्यांना चहा करून देऊन मागितली. पाणी मोजून घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्याच्या मोटरसायकलवर मागे बसून मी कार्बनच्या शोधात मोखाड्यामार्गे जव्हारला निघालो. वयाच्या सत्तरीत मोटरसायकलवर घाट म्हणजे काय, हे माझ्या कंबरेला विचारा. पण रस्ता सुंदर. एकामागे एक डोंगरांच्या ओळी, उतारांवर नाचणी-वरईची मोकळी पडलेली वावरे, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, आणि एखाद्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे. त्या चित्रांतली माणसे तारप्याभोवती फेर धरून नाचत होती. आम्ही मात्र घाईत होतो.

जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास उंच आहे. मुकणे घराण्याचे हे महादेव कोळ्यांचे संस्थान १९४८ पर्यंत होते. मूळ पुरुष जायबा. बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन त्याने मागितली आणि मग त्या कातड्याची बारीक वादी कापून तिने केवढा तरी मुलूख वेढला, अशी कथा सांगतात. सुरतेवर जाताना १६६४ साली शिवाजी महाराज इथे थांबले आणि राजाने त्यांना शिरपेच दिला, म्हणून त्या जागेचे नाव शिरपामाळ. टेकडीवर जयविलास राजवाडा आहे, हनुमान पॉइंट आहे, सूर्यास्त पाहण्याची जागा आहे. हे सारे मी भाच्याच्या पाठीमागून, उजवीकडे-डावीकडे बोट दाखवले जाईल तसे पाहिले. दोनशे मुलांची टाकी कोरडी असताना राजवाडा डोळ्यांत भरत नाही.

बाजारात एका अरुंद गाळ्यात मोटरी गुंडाळणाऱ्या मिस्त्रींचे दुकान सापडले. तिशीचा, कमी बोलणारा माणूस. भिंतीला टांगलेल्या तांब्याच्या तारेची वेटोळी, वार्निशचा वास, आणि एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात शेकडो कार्बन. त्याने आमचा झिजलेला तुकडा हातात घेतला, नखाने खरवडला, कागदावर रेघ ओढून पाहिली. पेन्सिलीची पारख करावी तशी. मग म्हणाला, "काका, हा मऊ आहे. लोक माझ्याकडून ड्रिलचा कडक कार्बन नेतात, फरशीवर घासून बसवतात आणि सहा महिन्यांनी कडीला खोबण पाडून परत येतात."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. आयुष्यभर मी जे नव्या पोरांना सांगत होतो ते तो तिथे एकटा, कुणी न शिकवता, परत आलेल्या मालावरून शिकला होता. मापाचा मऊ ग्राफाइटचा कार्बन त्याच्याकडे नव्हता. जरा मोठा होता. त्याने तो सपाट काचेवर काचकागद ठेवून चारी बाजूंनी घासला, आणि पेटीत सैल सरकेल पण हलणार नाही इतकाच ठेवला. घट्ट राहिला तर अडकतो, फार सैल झाला तर कडीवर थडथडतो. स्प्रिंगही त्याने निवडून दिली. आम्ही दोघांनी मिळून काटा लावला. अशा यंत्राला चौरस सेंटिमीटरमागे १८० ते २०० ग्रॅम दाब पुरतो. आमच्या लोकलच्या मोटरींना रुळांचे धक्के असत म्हणून जवळजवळ दुप्पट लागे. दाब कमी असला तर ठिणग्या खातात, जास्त असला तर घर्षण खाते. कार्बन तेवढाच, पण दाब साधला तर त्याचे आयुष्य कितीतरी वाढते.

"एक विचारू, काका?" तो म्हणाला. "मार्चपासून पाऊस पडेपर्यंत माझ्याकडे कार्बन जास्त खपतात. धूळ म्हणावी तर धूळ दिवाळीनंतरही असतेच की."

त्याच्या या प्रश्नात दुसऱ्या महायुद्धातली एक मोठी अडचण बसली आहे. लढाऊ विमाने फार उंच उडू लागली तेव्हा त्यांच्या जनरेटरचे कार्बन, जमिनीवर महिनोन्‌महिने टिकणारे, वर गेल्यावर तासा-दोन तासांत पूड होऊन जाऊ लागले. कुणाला वाटे थंडीमुळे, कुणाला वाटे हवा विरळ म्हणून. शोधाअंती कळले की कारण कोरडेपणा. ग्राफाइट स्वभावतःच निसरडे, असे आपण पुस्तकात वाचतो. ते अर्धेच खरे. त्याच्या थरांना निसरडे ठेवते ती हवेतली पाण्याची वाफ. जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट सॅव्हेज यांनी हे प्रयोगाने दाखवले आणि १९४८ साली प्रसिद्ध केले. निर्वात जागेत ग्राफाइट चक्क खरखरते आणि वाफेचा अंश आत सोडला की पुन्हा मऊ चालते. त्याआधीच युद्धकाळात कार्बनमध्ये बेरियम फ्लोराइडसारखे क्षार मिसळून विमानांचे काम भागवले गेले होते. आता कार्बन बनवणारे सांगतात की घनमीटर हवेत आठ ते पंधरा ग्रॅम वाफ असली की उत्तम.

आम्ही तिथेच दुकानातल्या जुन्या बिलाच्या पाठीवर हिशेब केला. दुपारी ३५ अंश उष्णता आणि शेकडा वीस आर्द्रता धरली तर घनमीटरला जेमतेम आठ ग्रॅम वाफ, म्हणजे काठावर. ऊन आणखी कोरडे झाले की काठाच्या खाली. आणि श्रावणात २७ अंशांवर शेकडा नव्वद धरली तर तेवीस ग्रॅम, म्हणजे नको इतकी. तेव्हा चालते यंत्र तग धरते, पण उभ्या यंत्राच्या कडीवर चट्टे पडतात.

मिस्त्री बिलाकडे पाहत राहिला. "म्हणजे कार्बनलापण उन्हाळ्यात पाणी कमी पडतं," तो म्हणाला. त्याने कार्बनचे आणि स्प्रिंगचे पैसे घेतले, मजुरी घेतली नाही. "शाळेचं काम आहे. माझी पुतणी तिथंच आहे सातवीत."

दुपारी परत आलो. मुली विहिरीची तिसरी खेप करून व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या. आता शेवटचे काम. कार्बनचा तळ सपाट आणि कडी गोल. तसाच बसवला तर तो एका रेघेवर टेकतो आणि सगळी वीज त्या रेघेतून जाते. म्हणून कडीवर काचकागदाची पट्टी गुंडाळायची, खरखरीत बाजू कार्बनकडे, आणि पट्टी पुढे-मागे ओढायची, म्हणजे कार्बनच्या तळाला कडीचीच गोलाई येते. भाचा, मी आणि टॉर्चवाल्या मामी असे तिघे या कामाला लागलो. शेवटी पूड कोरड्या ब्रशने झाडली. (हा केसांचा ब्रश, सौभाग्यवतींच्या खास समाधानासाठी.)

इंजिन सुरू केले. काटा हलला आणि पुन्हा तळाशीच थांबला. मागे पंधरा-वीस मुले गोळा झाली होती. त्यांच्यातली कुजबुज थांबली. मला घाम फुटला. इतक्या महिन्यांत रोटरमधले उरलेसुरले चुंबकत्वही मालवले होते. मग इंजिनच्याच १२ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा घेतल्या, रेग्युलेटरची जोडणी सोडवली, अधिकाला अधिक आणि उण्याला उणे असे पाहून कार्बनच्या टोकांना क्षणभर टेकवल्या आणि काढल्या. जोडणी पुन्हा घातली. इंजिन सुरू केले. काटा चढू लागला. शंभर. दीडशे. दोनशे तीस. शेडमधला दिवा पिवळा होऊन पांढरा झाला. भाच्याने पंपाचा खटका ओढला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि मिनिटभराने टाकीच्या तोंडाशी हवेचा खोकला ऐकू आला. मग पाणी.

"सर, मोटर चालू झाली!" असे ओरडत मुले टाकीकडे पळाली. कार्बनकडे कुणी पाहिले नाही. मी झाकण उघडे ठेवून पाहत होतो, ठिणगी नव्हती.

त्या रात्री जवळच्या पाड्यावर बोहाडा होता. संबळ आणि सनईच्या ठेक्यावर गणपती आला, सरस्वती आली, मग रावणाचे अवजड सोंग मानेवर तोलत एक सडपातळ तरुण तासभर नाचला. मशालीच्या उजेडात मुखवट्याचे डोळे हलल्यासारखे वाटत. आश्रमशाळेची मुले अंघोळ करून, तेल लावून, पहिल्या रांगेत बसली होती. पहाटे परत येताना सौभाग्यवती म्हणाल्या की भाच्याचे बरोबर होते, मुंबईचे नाटक विसरायला होते.

निघण्याआधी मी शेडच्या भिंतीवर खडूने तीन ओळी लिहिल्या. दर शनिवारी पंधरा मिनिटे जनरेटर चालवणे, पंपाचा भार देऊन. महिन्यातून एकदा कार्बन पेटीत सरकतो का पाहणे. पावसाळ्यात बंद ठेवायचा झाल्यास कार्बन उचलून ठेवणे. शिपाईदादांनी खाली चौथी ओळ स्वतः लिहिली: एमरी लावू नये.

लाईन तीन दिवसांनी आली, असे नंतर कळले. मुले घरी पाठवावी लागली नाहीत. आषाढात भाच्याचा फोन आला. बाहेर पाऊस इतका होता की निम्मे शब्द वाहून जात होते. सातवीच्या सगळ्या मुली आठवीत आल्या, हे त्याने आधी सांगितले, मग म्हणाला, "आणि मामा, कड्यांचा रंग बघायला सांगितला होतात ना? चहासारखा झालाय. दूध कमी घातलेल्या."

मी त्याला सांगितले, हात लावू नकोस.